कुंकू लावलेली फ्लॉपी

जयवंता निवांत बसलेली आहे, असं नागपुरातल्या हुडकेश्वरच्या तिच्या मावशीनं कधी पाहिलं नव्हतं. चहा उभ्यानं, तोही निम्मा. उरलेला निम्मा ओट्यावर गार होत राहायचा आणि मावशी तो मोरीत ओतताना पुटपुटायची, "हे पोरगी जेवते कवा अन् झोपते कवा, देवालेच ठाऊक." वेणी घालता घालता जयवंता सायकलच्या चाकाची हवा दाबून पाहायची, आणि शेवटचा पेड घरात घातला जायचा की रस्त्यावर, याचा नेम नसायचा.

ही सवय लहानपणची. नरखेड तालुक्यातल्या बेलखेडीत त्यांची थोडी संत्र्याची बाग होती. विहिरीवरचा पंप सुरू झाला की पाणी पाटानं निघायचं, आणि ते झाडाच्या आळ्यात पोचायच्या आधी ही पोर फावडं घेऊन तिथं हजर. तिचे वडील चंपतराव होते तोवर हसून म्हणायचे, "पाणी येते ना वं आपल्या पायानं. तू काहून पळून राहिली?" पण तिला ते पटायचं नाही. वाट पाहणं हे काम आहे, हेच मुळी तिच्या डोक्यात शिरत नसे.

अशी बाई बी.कॉम. झाली, सीताबर्डीवर भैयाजी सरांच्या वर्गात कॉम्प्युटर शिकली आणि रामदासपेठेतल्या एका नेत्रसेवा मंडळात नोकरीला लागली. मंडळाला कुण्या व्यापाऱ्यानं आपला कॉम्प्युटर दान दिला होता. त्याला तो चालवता येईना आणि विकवतही नव्हता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, खाली पेटीएवढा डबा. हे यंत्र सुरू व्हायला आपला वेळ घ्यायचं, आणि तेवढ्यात जयवंता टेबल पुसून, खिडक्या उघडून, कूलरमध्ये पाणी भरून यायची.

मंडळाचं काम सरळ होतं. डॉक्टरांना घेऊन गावोगाव शिबिरं भरवायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे तपासायचे, ज्याला मोतीबिंदू असेल त्याची शस्त्रक्रिया करवायची, ज्याला जो नंबर निघेल त्याचा चष्मा करून द्यायचा. नंबराची चिठ्ठी ज्याची त्याच्या हाती. तोच नंबर जयवंता कच्च्या कागदावर टिपून आणायची आणि यंत्रात भरला की कागद फाडून टाकायची. मग छापलेला कागद सीताबर्डीच्या ताराचंद चष्मेवाल्याकडे जायचा.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता बेलखेडीची पाळी आली. ती यावी म्हणून जयवंताच मंडळाच्या मागं लागली होती. शाळेच्या ओसरीत शिबिर भरलं तेव्हा मात्र गाव यायलाच तयार नाही. कारण काही वर्षांपूर्वी अशीच कोणी मंडळी येऊन डोळे तपासून गेली होती आणि चष्मे आजवर आले नव्हते.

"पह्यलेही आले होते बावा," रुपराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. रुपराव जयवंताचा चुलत चुलतभाऊ, गावाचा तोंडाळ. "त्यायनं आमचे डोळे पाह्यले, मंग त्यायचं तोंड काही आमाले दिसलं नाई."

लोक हसले. एखादी शहाणी बाई गप्प राहिली असती. जयवंता ओसरीच्या कट्ट्यावर चढली.

"रुपरावदादा, दिवाळीचा दिवा लागाच्या आत चष्मे नाई आले ना, तर मी बेलखेडीत पाय ठेवणार नाई. लिहून ठेव!"

"लिहून ठेवतो. पण वाचाले मले दिसत नाई ना वं!"

या हशानं काम केलं. मारुतीच्या पारापासून गल्लीगल्लीनं, घरामागून घर, माणसं रांगेला लागली. जयवंताची आई मनकर्णा रांगेत उभी राहूनच तिच्यावर डाफरली, "असं बोलाचं असते काय वं? आपलं गाव काय ओवाळून टाकाचं असते?" मनकर्णेला तांदळातला खडा दिसेनासा झाला होता. ती तो दातांनी शोधायची.

नागपूरला परत आल्यावर जयवंतानं त्या साऱ्यांचे नंबर यंत्रात भरले. छापायला बसली तर छापणाऱ्या यंत्राची रिबन संपलेली. नवी दसऱ्यानंतर येणार होती. तेवढ्यात खंडेनवमी आली. मावशीकडे घट होते म्हणून जयवंतानं दोन दिवस सुटी घेतली, आणि जाताना शिपाई मारोतरावाला बजावून गेली, "यंत्राले हात लावू नका गा."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा खोलीला उदबत्तीचा वास येत होता. पडद्यावर झेंडूचा हार. डब्यावर हळदीकुंकवाची बोटं, तांदळाचे चार दाणे. तिनं हार बाजूला केला, बटण दाबलं आणि सवयीनं खिडक्या उघडायला गेली. परत आली तर पडद्यावर एकच ओळ होती. सुरू व्हायला लागणारी तबकडी सापडत नाही, अशा अर्थाची.

तिनं बंद करून पुन्हा लावलं. तीच ओळ. आणखी एकदा. डब्यातून खर्रर असा आवाज आला, जसं कोणी पाटीवर खडा ओढावा.

"मारोतराव! याले कोणी हलवलं काय?"

मारोतराव दारात येऊन उभा राहिला. अंगानं किरकोळ, डोक्यावर कायम टोपी, शस्त्रक्रियेची हत्यारं उकळण्याचं काम त्याच्याकडे. "हलवलं नाई. फक्त उचललं."

"उचललं!"

"पूजा खाली चौरंगावर केली ना. टेबलावर कशी करतीन? सुमतीताईनं रांगोळी काढली, मी अन् वाचमननं हे उचललं, पूजा झाली, आरती झाली, परत ठेवलं. एका अक्षताएवढा धक्का लागला नाई."

जयवंता मटकन खाली बसली. मावशीनं पाहायला हवं होतं. त्या डब्याच्या आत एक कडक चकती असते, तिच्यावर सगळं लिहिलेलं असतं आणि वाचणारा काटा तिच्यावर अगदी टेकून असल्यासारखा. डबा उचलण्याआधी यंत्राला हुकूम देऊन तो काटा कडेला न्यावा लागतो. नाही नेला तर हलक्या धक्क्यानंही चकती खरवडते. हे शिकलेली त्या इमारतीत ती एकटीच होती, आणि ती घरी घट हलवत होती.

तेवढ्यात सुमतीताई आल्या. मंडळाच्या चिटणीस, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरातल्या, नऊवारी नेसणाऱ्या, कामाला वाघीण. त्यांच्या घरी भोसल्यांच्या वेळची एक तलवार होती आणि दर नवमीला ती ताम्हनात निघायची.

"आलीस? बघ, किती शोभून दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण सकाळपासून सुरूच होत नाही. मी कंपनीला फोन केला. उद्या सकाळी माणूस येतोय. म्हणाला, काळजी नको, फॉरमॅट करून कोरं करकरीत करून देतो."

"कोरं?" जयवंता उठलीच. "ताई, कोरं म्हंजे सगळं पुसून! बेलखेडीचे नंबर आत आहेत!"

"मग पुन्हा भर ना. तुझे हात तर किती चालतात."

"कशातून भरू? कच्चे कागद फाडून झाले, चिठ्ठ्या लोकायजवळ. डॉक्टर बाहेरगावी. तुमाले मशीन उचलाले कोणं सांगितलं होतं?"

 मारोतरावानं टोपी काढून पुन्हा घातली.

"नवमीला हत्यार पुजायचं नाही, तर कधी पुजायचं?" सुमतीताईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुझ्या या डब्यानं शेकडो लोकांना चष्मे दिले. मी त्याच्यापुढं हात जोडले. माझं चुकलं असेल तर सांग, पण या सुरात नको." आणि त्या आपल्या खोलीत निघून गेल्या.

जयवंताला वाईट वाटायला वेळ नव्हता. तिनं ताराचंदला फोन लावला.

"देखो बाई," तिकडून ताराचंद म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत नंबर दिले तर दिवाळीच्या आधी चष्मे. त्यानंतर माझे कारागीर आपापल्या गावी जातेत. मग दिवाळी होऊन जाऊ द्या, आरामसे करू."

आरामसे! फोन ठेवून ती खोलीभर फिरली. असं फिरताना तिला आठवलं की यंत्राबरोबर एक फ्लॉपी आली होती. फ्लॉपी म्हणजे काळी, पातळ, चौकोनी, पापडासारखी वाकणारी. आतली चकती बिघडली तरी ती तोंडाशी घातली की यंत्र तिच्यावरून जागं होतं, मग आतल्या चकतीवरच्या फायली पाहता येतात आणि दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेता येतात. सरांनी वर्गात शिकवलं होतं. तेव्हा ती बहुतेक खिडकीपाशी उभी होती.

तिनं कपाट उघडलं. फ्लॉपी तिथं नव्हती. ती पूजेच्या तबकात होती.

"हेही पुजलं?"

"मुख्य तेच तर आहे म्हणाल्या ताई," मारोतराव म्हणाला. "चाबीसारखं."

"अन् लिफाफ्यातून बाहेर कोणं काढलं?"

"कपड्यावरून पूजा करतेत काय?"

काळ्या पापडाला एक लांबट फट असते, तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसते. तिथं नखसुद्धा लावायचं नाही. सुमतीताईंनी देवाच्या कपाळाइतकं नेमकं त्याच जागी हळदीचं आणि कुंकवाचं बोट टेकवलं होतं, वर पाणी शिंपडलं होतं. एक तांदूळ चिकटला होता.

इथं जयवंतानं जे केलं ते तिचं तिलाच नंतर आठवायला नको वाटे. तिनं तांदूळ उडवला, कुंकू पदरानं पुसलं आणि फ्लॉपी यंत्रात सारली. आतून असा आवाज आला की मारोतरावानं कानांवर हात ठेवले. पडद्यावर काही नाही. तिनं फ्लॉपी ओढून काढली. तपकिरी चकतीवर लाल गोल ओरखडा उमटला होता.

ती सायकल काढून सीताबर्डीला निघाली.

भैयाजी सरांचा वर्ग बंद होता, पण ते वरच्याच मजल्यावर राहायचे. जेवून आडवे झाले होते. पोट सुटलेला, सावकाश बोलणारा माणूस. वर्गात ते हिला 'जयवंता एक्स्प्रेस' म्हणायचे. त्यांच्या बायकोनं आधी आपट्याची पानं हातात दिली, मग बेसनाचा लाडू.

"सर, सिस्टिमची फ्लॉपी पाहिजे. लगेच. अन् एक कोरी."

"सोनं घे, लाडू खा, पाणी पी. मग सांग."

तिनं लाडू तोंडात असतानाच सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. कुंकवाचं आलं तेव्हा त्यांच्या मिशा हलल्या, पण हसले नाहीत.

"ती कुंकवाची फ्लॉपी तू आत तर घातली नाहीस?"

जयवंतानं आपट्याचं पान दुमडलं.

"घातली," ते स्वतःच म्हणाले. "घालणारच. आता तुझ्या वाचणाऱ्या भागाला कुंकू लागलंय. त्यात माझी चांगली फ्लॉपी घातली तर तीही जाईल. आधी तो भाग स्पिरिटनं पुसायचा. डबा जागचा हलवायचा नाही. मग फ्लॉपीवरून यंत्र जागं कर. आतली चकती दिसली तर पडद्यावर वाचत बसू नको, पहिल्यांदा कॉपी कर. खरवडलेली चकती किती वेळ साथ देईल, सांगता येत नाही. आणि एक."

"काय सर?" ती जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली होती.

"ते अडखळलं की तुला विचारेल. तू लगेच बोट मारू नको. एक श्वास घे, मग मार. थांबल्यानं कधीकधी वाचतं ते."

आमदार निवासाच्या बाजूनं की बर्डीच्या चौकातून, कशी परत आली ते तिलाही सांगता आलं नसतं. दोन्ही फ्लॉप्या तिनं नव्या शर्टाच्या घडीत असतो तसल्या पुठ्ठ्यात घालून छातीशी धरल्या होत्या, सायकल एका हातानं.

पुसण्याचं काम तिनं हाती घेतलं, पण घाईत तिचा कापूस सुटून यायला लागला. मारोतरावानं खराट्याच्या काडीला कापूस गुंडाळला. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तो जसा गुंडाळायचा तसाच, घट्ट, एकही तंतू बाहेर नाही.

"द्या इकडं. पूजा करताना उदबत्तीची काडी मीच धरली होती."

जयवंतानं स्क्रू काढून झाकण उचललं आणि बॅटरी धरली. मारोतराव वाकला. कापूस गुलाबी निघाला. दुसरा फिका गुलाबी. मग पांढरा. "आता वाळू द्या," तो म्हणाला. तिनं फुंकर घालायला तोंड पुढं केलं. "थुंकी उडन ना! वाळते ते आपल्यानं." ती मागं सरून उभी राहिली आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली.

मग सरांची फ्लॉपी घातली. आवाज आला, पण या वेळी नीट, गिरणीच्या पट्ट्यासारखा सरळ. पडद्यावर हिरवी ओळ उमटली. यंत्रानं तारीख विचारली. त्याच्या मते आज १ जानेवारी १९८० होती. एरवी जयवंता खरी तारीख भरायची. आज तिनं नुसतं बोट मारून पुढं ढकललं. १९८० साली ती नरखेडला शाळेत जात होती आणि आई सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची.

आतल्या चकतीचं नाव तिनं टाइप केलं. काही क्षण काहीच नाही. मग फायलींची नावं एकाखाली एक सरकू लागली. ज्या गावांचे चष्मे देऊन झाले ती गावं, पत्रं, हिशेब. आणि त्यांत BELKHEDI.

"आहे!" ती ओरडली. मारोतरावानं पडद्याला नमस्कार करायला हात उचलला आणि घाईघाईनं खाली घेतला.

तिनं सिस्टिमची फ्लॉपी काढली, कोरी घातली, कॉपीचा हुकूम दिला. डबा चालला. खर्र... खर्र... आणि थांबला. पडद्यावर तीन शब्द: अबॉर्ट, रिट्राय, इग्नोअर?

"काय म्हणते?" मारोतरावानं विचारलं.

"वाचता येत नाई म्हणते. सोडून देऊ, पुन्हा पाहू, का तेवढा भाग वगळून पुढं जाऊ, असं विचारून राहिली."

"मंग पुन्हा पाहा म्हणा."

तिनं रिट्रायचा आर मारला. खर्र. तेच तीन शब्द. आर. तेच. आर, आर, आर. बोट आपोआप चालत होतं, पाटाच्या पाण्यापुढं पळावं तसं, आणि दर वेळी आतला आवाज जास्त खरखरीत येत होता.

दार वाजलं. सुमतीताई आत आल्या होत्या, हातात चहाचा कप. त्यांनी तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, यंत्रापासून लांब ठेवला.

"ते बिचारं दमलंय," त्या म्हणाल्या. "थोडं थांबू दे त्याला."

जयवंता उलटून काही बोलणार होती, पण सरांनी सांगितलेला श्वास आठवला. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. खुर्चीवर, स्वतःच्या हातांवर बसली. बाहेर रिक्षावाला कोणाशी भांडत होता. तिनं त्याचं भांडण पूर्ण ऐकलं. मग एक हात काढून हलकेच आर मारला.

खर्र झालं आणि पुढं सरकलं. थोडं गेलं, पुन्हा अडलं. पुन्हा ती हातांवर बसली. या वेळी चहा प्याली, सगळा. आर. सरकलं. तिसऱ्या जागी मात्र किती थांबलं तरी उत्तर एकच. तिथं चकती खरोखर खरवडली होती.

"आता?" सुमतीताई.

"आता तेवढं वगळून जा म्हणते. तेवढे नंबर जातीन. किती, कोणाचे, कॉपी झाल्याशिवाय समजत नाई." तिचं बोट अधांतरी राहिलं. सोडून दिलं तर सगळंच जाणार. "जाऊ दे तेवढे," म्हणत तिनं इग्नोअरचा आय दाबला. थोडी खरखर, आणि ओळ आली: एक फाइल कॉपी झाली.

फ्लॉपीवरची फाइल पडद्यावर आणून तिनं नंबर कागदावर उतरवायला घेतले. ती वाचत होती आणि सुमतीताई लिहीत होत्या, टपोऱ्या, जुन्या शाळेच्या अक्षरात. नाव, उजवा, डावा. मधेच एका जागी पडद्यावर पत्त्यांतले बदाम, इस्पिक आणि हसरी तोंडं दिसू लागली. मग पुन्हा नावं.

"रुपरावाच्या नंतर कचरा," जयवंता म्हणाली, "अन् कचऱ्यानंतर अंजनाबाई." तिनं डोळे मिटले. रांग गल्लीनं लागली होती. रुपरावाचं घर पाराजवळ, अंजनाबाईचं कोपऱ्यावर, विहिरीपाशी. मधली घरं तिनं दारादारानं चालून काढली. लोहाराचं, वच्छलाकाकूचं, दोन भावांचं एकच अंगण असलेलं. आणि विहिरीच्या अलीकडचं.

"विहिरीच्या अलीकडचं कोणाचं?" सुमतीताईंनी लेखणी थांबवून विचारलं.

"आमचं," जयवंता म्हणाली.

त्याच दुपारच्या एस.टी.नं ती निघाली. काटोलपर्यंत उभ्यानं, कारण जागा नव्हती, आणि पुढं जागा मिळाली तरी उभ्यानं. बेलखेडीच्या फाट्यावर उतरली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पारावर रुपराव होताच.

"काय वं, दिवाळीच्या आधी पाय ठेवला? शपथ सुटली काय?"

"दिवाळी व्हाची आहे अजून. चल, घराघरातल्या चिठ्ठ्या काढून दे मले. मशीननं खाल्ल्या."

"मशीन चिठ्ठ्या खाते?"

"तुझ्यासारखं बोलत तर नाई ना!"

चिठ्ठ्या निघाल्या. लोहाराची पितळी डब्यात, वच्छलाकाकूची उशीच्या अभ्र्यात, दोघा भावांची एकमेकांकडे बदललेली. ते निस्तरायला भांडण ऐकावं लागलं. प्रत्येक नंबर तिनं दोनदा वाचून लिहिला. शेवटी आपल्या घरी आली.

मनकर्णा अंगणात वाळलेली मिरची उचलत होती. "काहून वं? धावत काहून आली? कोणाचं काही बरं-वाईट?"

"माय, चिठ्ठी दे. डोळ्याची."

"देवाजवळ आहे ना."

जयवंता देवळीपाशी गेली आणि जागच्या जागी उभी राहिली. चिठ्ठी देवांच्या मधोमध होती. तिच्यावर दसऱ्याच्या दिवशीचं हळदकुंकू, भरपूर, ओल्या बोटानं. नंबराच्या जागी एक जाड लाल डाग होता.

"माय! याच्यावर कुंकू काहून लावलं?"

"डोळ्याचा कागद हाय तो. वर्षाचा दसरा. सुया पुजल्या, खुरपं पुजलं, कागद काहून नाई पुजणार? त्याच्यानंच तर दिसाले लागन मले. काहून, देव नंबर खाते काय?"

सकाळी सुमतीताईंना जे बोलली, तेच शब्द जयवंताच्या ओठांपर्यंत आले होते. आईच्या बोटाला अजून मिरचीचा तांबूसपणा होता. जयवंतानं ते शब्द गिळले. नखानं कुंकू खरवडायला तिचं बोट पुढं गेलं, आणि तिनं तो हात काखेत दाबून धरला. कागद फाटला असता.

ती अंगणात आली, चिठ्ठी उलटी केली आणि कलत्या उन्हापुढं धरली. शिबिराचे डॉक्टर बॉलपेन दाबून लिहायचे. टेबल डगमगतं म्हणून सारखे चिडायचे आणि आणखी दाबायचे. कागदाच्या पाठीवर उलटे आकडे टचटचीत उठले होते. तिनं त्यांवरून हलकेच बोट फिरवलं. उजवा अडीच. डावा... डावा पावणेतीन. पुन्हा फिरवलं. पावणेतीनच.

"सापडला?" मनकर्णेनं विचारलं.

"सापडला."

"मंग बस ना आता घडीभर. चहा ठेवते."

जयवंता ओसरीच्या पायरीवर बसली, आणि चहा होईपर्यंत उठली नाही. मग रुपरावानं फटफटीवरून तिला नरखेडला सोडलं. तिथून मिळेल ती गाडी धरून ती नागपूरला पोचली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस डबा कोरा करत असताना ती ताराचंदच्या दुकानात, काउंटरवर कोपरं टेकून, त्याला एकेक नंबर वाचून दाखवत होती. "आरामसे बाई, आरामसे," ताराचंद म्हणत होता.

चष्मे वसुबारसेच्या दिवशी बेलखेडीला गेले. या खेपेला सुमतीताई स्वतः आल्या होत्या. शाळेच्या ओसरीत नावं पुकारली जात होती आणि रुपराव पहिल्याच रांगेत होता. चष्मा लावून त्यानं जयवंताकडे नीट निरखून पाहिलं. "अरे, हे तर काळीच आहे वं!" तो म्हणाला, आणि बायांनी त्याला धरून बाजूला लोटला.

मनकर्णेनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग तो काढून तळहातावर ठेवला, कमरेच्या पिशवीतून कुंकवाचा लहानगा करंडा काढला आणि बोट बुडवून काचेच्या दिशेनं नेलं.

"माय! काचेले नको!" जयवंता ओसरीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडली.

मनकर्णेचं बोट थांबलं. तिनं सुमतीताईंकडे पाहिलं, नऊवारीतली पोक्त बाई म्हणून. "असं कसं? नवी वस्तू आहे ना?"

सुमतीताई पुढं झाल्या. मग त्यांनी चष्मा हातात घेऊन त्याची दांडी उलगडून पुढं धरली.

"इथं लावा," त्या म्हणाल्या. "कानामागं जाईल. कुणाला दिसत नाही आणि कुठं लागत नाही."

मनकर्णेनं दोन्ही दांड्यांना कुंकू लावलं. पुढच्या खंडेनवमीला रामदासपेठेत यंत्र टेबलावरून हललं नाही. कुंकू टेबलाच्या पायाला लागलं आणि पूजा उभ्यानंच झाली. फ्लॉपी कपाटात, लिफाफ्यातच, राहिली. त्या लिफाफ्यावर सुमतीताईंनी हळदीचं एक बोट लावलं. जयवंतानं ते पाहिलं, आणि खिडक्या उघडायला गेली.